आंगिकाचा विटाळ

चंद्रलेखांचं नाव निघालं की आपल्याकडच्या नृत्यवर्तुळात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बाई बुद्धिमान होत्या, पण ते भरतनाट्यम नव्हतं.’ वाक्य सभ्य आहे. त्याच्या आडोशाला उभी असलेली वाक्यं तितकी सभ्य नसतात. त्यांनी नृत्यातून देव काढला आणि शरीर तेवढं ठेवलं. चेहऱ्याचा अभिनय गाळून टाकला. परदेशी मंडळींना आवडेल ते केलं आणि नाव कमावलं. नाच थोडा, चळवळच फार. या सगळ्याला शास्त्राचा मुलामा दिला की आक्षेप असा उभा राहतो: भारतीय नृत्यात शरीर हे केवळ वाहन, त्यात बसलेला खरा धनी म्हणजे भाव, वाहनाचीच पूजा मांडणारी कला आपली नव्हे.

हा आक्षेप मला चुकीचा वाटतो. ज्या शास्त्राच्या नावाने तो घेतला जातो, त्याच शास्त्रापुढे तो टिकत नाही. चंद्रलेखांची बाजू घेणारे अलीकडचे चाहतेही त्यांच्या फारसे कामाचे नाहीत, पण त्यांच्याकडे नंतर वळू.

ज्यांनी त्यांचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. चंद्रलेखा प्रभुदास पटेल यांचा जन्म 6 डिसेंबर 1928 चा, आपल्याच महाराष्ट्रातल्या वाड्याचा. ते गाव आपल्याला कोलम तांदळामुळे ठाऊक असतं. वडील डॉक्टर आणि देवधर्माच्या बाबतीत साशंक, आई श्रद्धाळू. कायद्याचं शिक्षण सोडून त्या मद्रासला गेल्या आणि कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे नृत्य शिकल्या. पुढे कविता लिहिणं, भित्तिपत्रकं करणं, स्त्री-चळवळीत काम आणि नृत्यरचना या सगळ्या वाटा त्या एकाच वेळी चालत राहिल्या. 1985 मध्ये ‘आंगिक’ रंगमंचावर आलं तेव्हा त्या 56 वर्षांच्या होत्या, म्हणजे बहुतेक नर्तकी ज्या वयात घुंगरू उतरवून शिकवायला बसतात त्या वयात. तिथून 2001 च्या ‘शरीर’पर्यंत ‘लीलावती’, ‘प्राण’, ‘श्री’, ‘यंत्र’, ‘महाकाल’, ‘राग’, ‘श्लोक’ अशा रचना त्यांनी केल्या. 30 डिसेंबर 2006 ला चेन्नईत त्यांचं निधन झालं.

आता शास्त्राकडे येऊ. दादर असो, डोंबिवली असो की कोथरूड, भरतनाट्यमच्या वर्गात मुलगी पहिल्या काही तासांतच ‘अभिनयदर्पणा’तला ध्यानश्लोक पाठ करते. त्यात शिवाच्या आंगिकाला थेट भुवनाचा दर्जा दिलेला आहे. विशारदच्या परीक्षेत अभिनयाचे प्रकार विचारले की तीच मुलगी आधी आंगिक लिहिते, मग वाचिक, आहार्य, सात्त्विक. ‘अभिनयदर्पणा’च्या कर्त्या नंदिकेश्वराने अंगं, प्रत्यंगं, उपांगं यांच्या याद्या केल्या. मान किती प्रकारे हलते, नजर किती प्रकारे वळते याचा हिशेब ठेवला. भरताने 108 करणं सांगितली आणि चिदंबरमच्या गोपुरांत ती दगडात कोरली गेली. शरीराची इतकी दफ्तरं सांभाळणारी परंपरा त्याला नुसतं वाहन समजत होती असं म्हणायला धाडस लागतं. चंद्रलेखांनी आपल्या पहिल्या मोठ्या रचनेला ‘आंगिक’ हे नाव दिलं तेव्हा त्यांनी परंपरेच्या यादीतला पहिला शब्द उचलला होता. तो श्लोक रोज म्हणणाऱ्यांना त्या नावात द्रोह दिसला, हे गमतीचं आहे.

त्यांनी प्रत्यक्ष केलं काय? अरैमंडी घेऊ. गुडघे बाहेर वळवलेले, कणा ताठ, वजन जमिनीच्या जवळ. आपल्या वर्गांत या स्थितीबद्दल मुलीला बहुधा एकच गोष्ट ऐकायला मिळते: ‘अजून बस.’ का बसायचं, हे क्वचितच कोणी सांगतं. चंद्रलेखांच्या दृष्टीने ते मंडल होतं, शरीराने आपला मध्य धरून ठेवण्याची आणि तिथून भोवतालच्या अवकाशाशी नातं जोडण्याची जागा. त्या मध्यापासून त्यांच्या रचनांतले त्रिकोण, चौकोन, सरळ रेषा फुटत जातात. दागिने गेले, रंगवलेला चेहरा गेला, साडी साधी झाली. अडवू, म्हणजे या नृत्यातली हालचालींची मूळ एककं, संथ केले, इतके संथ की पाऊल पडण्याआधी मांडीत काय घडतं ते दिसावं. सोबतीला कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योगासनं आली. कलरीतल्या प्राण्यांच्या पवित्र्यांचं अरैमंडीशी असलेलं नातं डोळ्यांना लगेच पटतं, कारण दोन्ही ठिकाणी शरीर जमिनीशी बोलतं. संगीत मात्र बहुतांशी कर्नाटकच राहिलं. यातलं पश्चिमेकडून आलेलं काय, ते आक्षेप घेणाऱ्यांनी बोट ठेवून दाखवावं. बॅलेच्या टाचा उचलून चवड्यांवर तोलण्यापासून हे काम जितकं दूर आहे, तितकं दूर असणारं काही मला दुसरं आठवत नाही.

‘लीलावती’बद्दल दोन शब्द, कारण ती आपल्या घरची आहे. भास्कराचार्यांच्या गणितग्रंथातली कोडी, त्यातले भुंगे, कमळं, साप आणि मोर, 1989 मध्ये चंद्रलेखांनी नाचात आणले. त्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचं शास्त्र शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. संस्कृत गणितावर भरतनाट्यम रचणारी बाई ‘परंपरेबाहेरची’ ठरते आणि सिनेमाच्या गाण्यावर स्नेहसंमेलन रंगवणारे वर्ग परंपरेचे राखणदार! असो.

पण शुद्धतेचा मुद्दा आलाच आहे तर तो शेवटपर्यंत न्यावा लागेल, कारण ती शुद्ध परंपरा म्हणजे नेमकं काय हे मराठी माणसाला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा जो क्रम आज हजारो वर्षांचा म्हणून सांगितला जातो, त्याला आजचं रूप दिलं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आणि ते होते तंजावरच्या दरबारात, सरफोजी राजांच्या आश्रयाला. भोसल्यांच्या दरबारात! या सरफोजींनी (कारकीर्द 1798 ते 1832) नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली, एकेका कथेवर बेतलेली. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी ती विसाव्या शतकात पुन्हा नाचात आणली आणि सुचेता भिडे-चापेकरांनी ती पुढे नेली. म्हणजे भरतनाट्यमचा जो साचा आपण अनादि मानतो तो एका मराठी राजाच्या पदरी असलेल्या चार तमिळ कलावंतांनी, आपल्या काळाला हवा तसा, नव्याने घडवला. तेव्हा त्यांना कोणी ‘हे सदिर नव्हे’ (सदिर हे या नृत्याचं जुनं नाव) म्हटलं असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

शंभर वर्षांनी पुन्हा एकदा हेच झालं. 1930 च्या दशकात सदिरचं भरतनाट्यम झालं. नाव बदललं, वेश बदलला, रंगमंचावर नटराजाची मूर्ती आली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1935 मध्ये अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरकमहोत्सवात नृत्य सादर केलं आणि पुढच्या वर्षी कलाक्षेत्राची स्थापना केली. या बाईंचं कर्तृत्व अफाट होतं. पण भारतीय नृत्याकडे वळण्याचं बळ त्यांना कोणाकडून मिळालं? रशियन बॅलेनर्तकी आना पाव्हलोव्हाकडून. रुक्मिणीदेवी आधी पाव्हलोव्हाच्याच चमूतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकत होत्या. मॅक्सम्युलर भवनाने 1984 मध्ये मुंबईत, एनसीपीएमध्ये, पूर्व आणि पश्चिमेच्या नर्तकांची भेट घडवून आणली आणि तिथे चंद्रलेखांच्या पुनरागमनाची चाहूल लागली, म्हणून त्यांना ‘परदेशी आवडीची’ म्हणायचं असेल तर कलाक्षेत्राच्या मुळाशी असलेल्या रशियन पायाचं काय करायचं ते ठरवा. तिकडे पाव्हलोव्हा प्रेरणा ठरते आणि इकडे जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउशशी असलेली मैत्री संशयास्पद. माझ्या मते दोन्हींत गैर काही नाही. शिवाय ज्यांना सरकारी शिक्क्याची आवड आहे त्यांच्यासाठी: संगीत नाटक अकादमीने चंद्रलेखांना 1991 मध्ये पुरस्कार आणि 2004 मध्ये आपली फेलोशिप दिली. दिल्लीच्या त्या संस्थेला कोणी पाश्चात्त्य म्हटल्याचं ऐकिवात नाही.

देव काढला, हा आरोप जास्त गंभीर आहे आणि तिथे जरा थांबायला हवं. चंद्रलेखांचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं पदार्पण, 1952 मध्ये मद्रासला झालं. कार्यक्रम रायलसीमाच्या दुष्काळनिधीसाठी होता. त्या यमुनेकाठच्या गोपींचा प्रसंग करत होत्या: पाणी उपसणं, उडवणं, भिजणं, पाण्यात खेळणं. आणि नाचता नाचताच त्यांच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आणि पाण्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं आली. हात पाण्याचे, निधी दुष्काळाचा. पुढे त्यांनी स्वतः हा प्रसंग अनेकदा सांगितला. यातून काही जण असा अर्थ काढतात की त्यांना गोपींचं वावडं होतं, भक्तीचं वावडं होतं. मला तसं दिसत नाही. त्यांना वावडं होतं ते भोवतालचं काहीच न शिरू देणाऱ्या गोडव्याचं. नायिका दारात उभी आहे, सखीला विचारते आहे, वाट पाहते आहे, रुसली आहे. हा भाव कितीही उत्कट असो, तो सतत, प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक मुलीने, वय वर्षं 12 पासून, आरशासमोर घोटायचा म्हणजे काय होतं? वाट पाहण्याची सवय अंगात मुरते. चेहऱ्याचा अभिनय त्यांनी बाजूला ठेवला तो याच कारणासाठी. ज्यांना देवदासी घराण्यातल्या थोर नर्तकी बालसरस्वतींचा अभिनय प्राणापलीकडे प्रिय होता त्या चंद्रलेखांना अभिनय कळत नव्हता असं म्हणणं हास्यास्पद आहे.

बालसरस्वतींचं नाव आलं म्हणून सांगतो: नृत्यातला शृंगार ‘स्वच्छ’ करण्याला सर्वांत कडाडून विरोध केला तो त्यांनीच. शृंगार गाळला की नृत्याचा गाभा गेला, हे त्यांचं मत त्यांनी कधी लपवलं नाही. म्हणजे सभ्यतेच्या नावाने शरीर झाकायचं ठरवलं ते सुधारकांनी, देवदासींच्या घराण्यांनी नव्हे. आज चंद्रलेखांच्या ‘शरीर’ला अश्लील म्हणणारे ज्या शुद्धतेचा हवाला देतात तिचं वय शंभर वर्षांहून जास्त नाही, आणि तिचा मूळ कारखाना मंदिर नसून व्हिक्टोरियन संकोच आहे.

‘शरीर’मध्ये दोनच माणसं आहेत, एक स्त्री आणि एक पुरुष, सोबतीला ध्रुपद. ती कवयित्री, तो कलरीचा साधक. हालचाली इतक्या सावकाश की सुरुवातीला प्रेक्षक चुळबुळतो. स्त्रीचे पाय दूर होतात, कटी उघडते, आणि ते दृश्य प्रेक्षकाला खुणावत नाही. ते समोर असतं, डोंगर समोर असतो तसं. संकोच वाटलाच तर तो पाहणाऱ्याचा. मराठी वाचकाला तर या मुद्रेचं नवल वाटायलाच नको. तेरच्या वस्तुसंग्रहालयात लज्जागौरीच्या मूर्ती आहेत, आलमपूरला आहे, आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ नावाचा अख्खा ग्रंथ लिहून या उघड्या देवीचं भूमीशी आणि सृजनाशी असलेलं नातं आपल्याला उलगडून दाखवलं आहे. ढेऱ्यांना आपण थोर संशोधक म्हणतो ते बरोबरच. मग तीच मुद्रा दगडात पूज्य आणि जिवंत बाईच्या अंगात आक्षेपार्ह, हा न्याय कुठला? घाम येतो म्हणून?

‘आंगिक’मध्ये याच्याही पुढचं एक दृश्य होतं. देवीचं वाहन म्हणून तिथे सिंह नव्हता, पुरुष होता. स्त्री त्याच्यावर आरूढ. नरवाहन. शरीर केवळ वाहन, असं बजावणाऱ्यांनी वाहन कोण आणि वर बसणारा कोण हे इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. चंद्रलेखांनी ते एकदा उलटून दाखवलं. 1991 च्या ‘श्री’मध्ये बायका वाकलेल्या कण्याने रंगमंच ओलांडतात, जणू कुणी पाठीवर हात ठेवून त्यांना दाबून धरलं आहे. शब्द नाही, रडणं नाही. शतकांचा इतिहास त्या पाठींच्या कमानीत दिसतो. आणि शेवटी अनेक बायकांच्या हातांतून एक अनेकभुजा उभी राहते. यात देव नाही असं म्हणणाऱ्याला देवी दिसली नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं.

‘नाच थोडा, चळवळच फार’ या आरोपाला फार वेळ द्यायचं कारण नाही. अरंगेत्रमनंतर काही वर्षांनी त्या रंगमंचापासून दूर गेल्या; 1972 च्या ‘नवग्रह’चा अपवाद सोडला तर दशकभराहून अधिक काळ त्यांचं मन दुसरीकडे होतं. आपले सहकारी दशरथ पटेल आणि सदानंद मेनन यांच्यासोबत त्यांनी भित्तिपत्रकं केली, खेड्यापाड्यांतल्या तरुणांना आरेखन आणि छपाईची कौशल्यं शिकवली, स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहिलं. 1982 मध्ये त्यांच्यावर आणि मेनन यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. निषेध झाला, तो मागे घ्यावा लागला. या वर्षांना त्यांच्या नृत्यातला खंड समजतात. पण ‘श्री’मधल्या त्या वाकलेल्या पाठी त्यांना वर्गात सापडल्या नसत्या. भित्तिपत्रकात एक रेघ जाड की बारीक हे ठरवणाऱ्या डोळ्यानेच पुढे ‘यंत्र’मधले त्रिकोण आखले आहेत. ज्याला या दोन गोष्टींत नातं दिसत नाही त्याने दोन्हींपैकी एक नीट पाहिलेली नाही.

आता चाहत्यांकडे. गेल्या काही वर्षांत चंद्रलेखा पुन्हा चर्चेत आल्या आहेत, आणि त्यांचं नाव घेतलं जातं ते बहुधा ‘बंधनं तोडणारी’, ‘शरीर मुक्त करणारी’ अशा बिरुदांसह. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांत अनवाणी उभं राहून ‘शरीर सांगेल तसं हला’ म्हणणाऱ्यांना त्या आपल्या पूर्वज वाटतात. ही स्तुती मला आक्षेपापेक्षाही अवघड वाटते, कारण ती चुकीच्या माणसाला हार घालते. शरीर सांगेल तसं हलू देण्यावर चंद्रलेखांचा काडीचा विश्वास नव्हता. शरीराला काय सांगायचं ते आधीच शिकवलेलं असतं, घराने, शाळेने, जाहिरातींनी, लाजेने. ते ‘आतून’ जे सांगतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याचंच पढवलेलं असतं. म्हणून त्यांच्या नर्तकांना आधी उभं राहायला शिकावं लागे, तेही महिनोन्‌महिने. अडवूची रेघ थोडीही सुटलेली त्यांना चालत नसे. मुक्ती त्यांच्यासाठी कण्याचा प्रश्न होती, आणि कणा शिस्तीनेच सरळ होतो. शुद्धतावादी म्हणतात त्यांनी नियम मोडले, चाहते म्हणतात त्यांनी नियमांपासून सोडवलं. दोघांनाही नियम म्हणजे बेडी वाटते. भांडण फक्त बेडी चांगली की वाईट एवढंच. चंद्रलेखांनी नियमाकडे अवजार म्हणून पाहिलं, म्हणून तो कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी वापरला जातो आहे, हे त्यांनी विचारलं.

चंद्रलेखांवर एक आक्षेप मात्र खरा आहे. तो वरच्या मंडळींकडून येत नाही, देवदासी आणि त्यांचे गुरू ज्यातून आले त्या इसै वेल्लाळर समाजातल्या कलाकारांकडून येतो. ते विचारतात: 1947 च्या मद्रासच्या कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली, ती व्हायलाच हवी होती, पण ज्या बायकांच्या अंगात ही कला होती त्या रंगमंचावरून कुठे गेल्या? त्यांची जागा सवर्ण घरांतल्या मुलींनी घेतली, त्यांच्या घरातले नट्टुवनार, म्हणजे नृत्य शिकवणारे पुरुष, मात्र गुरू म्हणून ठेवून घेतले. चंद्रलेखाही याच लाटेवर आलेल्या, बाहेरून आलेल्या, पटेल घरातल्या. एल्लप्पा पिळ्ळैंकडून त्यांना शिकायला मिळालं ते त्या उलथापालथीमुळेच. ‘देवदासी’ नावाची एक रचना त्यांनी 1960 मध्ये केली होती हे खरं. पण एक रचना हे या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. त्यांच्या नंतरच्या कामात स्त्रीचं शरीर सर्वत्र आहे, पण त्या शरीराला जात आहे हे मला कुठे दिसत नाही. ‘श्री’मधल्या वाकलेल्या पाठी सगळ्या सारख्याच वाकतात. प्रत्यक्षात त्या सारख्या वाकलेल्या नव्हत्या.

हे लिहिताना मला त्यांच्या बाजूने कुठलीही सूट मागायची नाही. पण हाच प्रश्न शुद्धतेची फिर्याद घेऊन आलेल्यांनाही लागू होतो, आणि त्यांना तो फार जास्त महागात पडतो. चंद्रलेखांनी निदान तो शृंगार, तो घाम, जमिनीशी असलेलं ते नातं परत रंगमंचावर आणलं, जे बालसरस्वतींच्या घराण्यातल्या बायकांकडून काढून घेऊन धुऊन-पुसून ठेवलं गेलं होतं. ज्यांनी ते धुतलं त्यांच्या तसबिरींना आपण दरवर्षी हार घालतो. भरतनाट्यम कोणी बिघडवलं याचा खटला चालवायचाच असेल तर साक्षीला आधी तंजावरची दफ्तरं बोलवावीत आणि मग त्या बायकांच्या नाती-पणत्या. चंद्रलेखांचा पुकारा त्यांच्यानंतर बऱ्याच वेळाने होईल.